झिंगाट वाजतं कुणाच्या वाढदिवसाला?

पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.

लग्नसराई चालू आहे. बीड बायपासवरून रोज जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. एका लॉनच्या भिंतीला दुसरं लॉन, आणि संध्याकाळ झाली की प्रत्येक गेटसमोर एक परण्या. ट्रॅफिक जाम, जनरेटरचा धूर, घोड्यावर घामाघूम झालेला नवरदेव. डीजेवाल्याकडं हजार गाणी असतात. पण नवरदेव मांडवाच्या दारात आला की शेवटचं गाणं ठरलेलं, झिंगाट. २०१६ सालचं गाणं आहे. त्यानंतर किती गाणी आली, महिनाभर वाजली आणि विसरली गेली. हे काही जागचं हललं नाही.

गेल्या महिन्यात मीही अशाच एका परण्यात नाचलो. खोटं कशाला बोलू? त्या ठेक्यावर पाय थांबत नाहीत, पंचेचाळिशीतही नाही. माझ्या शेजारी एक ओळखीचे गृहस्थ दोन्ही हात वर करून नाचत होते. ओळख पटू नये म्हणून गाव आणि नातं सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. मुलगी जिवंत असताना या माणसानं तिचं तेरावं घातलं, पंगत बसवली. तेव्हापासून तिचा फोन उचललेला नाही. आणि इथं ते झिंगाटवर घामाघूम होऊन नाचत होते.

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला नाही. प्रश्न पडला, या माणसाला हे गाणं कुठलं आहे ते माहीत असेल का? रात्री घरी आल्यावर वाटलं, आपल्याला तरी माहीत आहे का?

तर आठवून बघू. सैराटमध्ये झिंगाट कधी वाजतं? आर्ची आणि परशाच्या लग्नात नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाही. गणपतीत नाही. ते वाजतं प्रिन्सच्या वाढदिवसाला. प्रिन्स म्हणजे आर्चीचा भाऊ. बाप गावचा पुढारी, आणि पोरगा असा की वर्गात शिकवणाऱ्या सरांच्या थोबाडीत मारतो आणि त्याचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. त्या पोराच्या वाढदिवसाला सगळा गाव गोळा होतो. आर्ची बायकांत नाचते, परशा पोरांत नाचतो. त्याच रात्री दोघं पकडले जातात. तिथून सिनेमा फिरतो. आणि शेवटी हैदराबादच्या घरी आईनं दिलेल्या भेटवस्तू घेऊन, हसत, कोण येतं? हाच प्रिन्स. आर्ची त्याच्यासाठी चहा ठेवते. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे ज्या गाण्यावर आपण इतकी वर्षं नवरदेवाला मांडवात नेतोय, ते गाणं बहिणीचा जीव घेणाऱ्या भावाच्या वाढदिवसाचं आहे.

आता काही जण म्हणतील, 'भाऊ, गाणं आहे, गाण्यासारखं घ्या ना. प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता?' थांबा. जात मी आणली नाही. ज्यानं सिनेमा केला त्यानं ती गाण्याच्या पोटात ठेवली होती. आपण ती तिथंच ठेवून फक्त ठेका उचलला.

हे सगळं किती ठरवून केलेलं होतं ते बघा. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांचा आधीचा सिनेमा फँड्री २०१४ च्या १४ फेब्रुवारीला लागला. त्यासाठी अजय-अतुलनी 'तुझ्या प्रीतीचा विंचू' हे गाणं केलं आणि ते गावोगाव वाजलं. पण सिनेमात ते गाणंच नव्हतं. ते जाहिरातीचं गाणं होतं. गाणं ऐकून लोक थेटरात गेले आणि समोर निघाला जब्या, डुक्कर पकडणाऱ्या घरातलं पोरगं, आणि शेवटी त्यानं आपल्या दिशेनं भिरकावलेला दगड. लोकांना बोलवायला गाणं लागतं हे या माणसाला तेव्हाच कळलेलं होतं.

सैराटमध्ये त्यानं गाणी सिनेमाच्या आत घेतली. फक्त चार. 'याड लागलं', 'आताच बया का बावरलं', 'सैराट झालं जी' आणि 'झिंगाट'. अजय-अतुलनी या गाण्यांसाठी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. विचार करा, करमाळ्याच्या विहिरी, उसाचे फड आणि उजनीच्या पाण्याकाठची पोरं, आणि त्यांच्या मागं हॉलिवूडची व्हायोलिनं. खेड्यातल्या पोराच्या प्रेमाला एवढा मान मराठी सिनेमानं त्याआधी क्वचितच दिला असेल. आणि ही चारही गाणी पूर्वार्धात संपतात. उत्तरार्धात एकही गाणं नाही. शेवटच्या प्रसंगात तर आवाजसुद्धा नाही. लेकरू रडतंय, तोंड उघडं आहे, आणि ऐकू काहीच येत नाही.

आधी पोटभर नाचवायचं आणि मग आवाज बंद करायचा, असा तो हिशोब होता. ज्याला नाचवलंय त्यालाच ती शांतता बसावी म्हणून.

मी तो सिनेमा पहिल्याच आठवड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, एका जुन्या एकपडदा थेटरात बघितला. २९ एप्रिल २०१६ ला लागला होता. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं तो उन्हाळा. बाहेर माणसं टँकरच्या रांगेत आणि आत हाऊसफुल्ल. झिंगाट लागलं तशी पोरं पडद्यासमोर गेली, चिल्लर उधळली, दोन बाया पदर खोचून उठल्या. मीही उभा राहिलो. शेवटाला मात्र त्याच थेटरात पंख्याची घरघर ऐकू येत होती. कुणी उठेना. एक म्हातारं माणूस टोपी हातात धरून तसंच बसून होतं. मला वाटलं, झालं, बसला घाव वर्मी.

आणि मग पार्किंगमध्ये आलो. गाडीला किक मारायच्या आत कुणाच्या तरी मोबाइलवर झिंगाट सुरू झालं होतं.

घाव बसला होता, पण पार्किंगपर्यंतच टिकला. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा. कन्नडमध्ये झाला, पंजाबीत झाला. २०१८ ला हिंदीत 'धडक' आला. त्यांनी झिंगाटची चाल नेली, 'याड लागलं'ची चाल नेली, गाव सोडून उदयपूरचे राजवाडे घेतले आणि जात मात्र जवळजवळ इथंच ठेवून दिली. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण आपण तरी वेगळं काय केलं? जातीत ठरवून, पत्रिका जुळवून, देण्याघेण्याची बैठक करून लग्न जमवायचं आणि मग देवगिरीच्या पायथ्याशी प्री-वेडिंग शूट करून मागं 'याड लागलं' लावायचं. परशाचं गाणं चालतं. परशा चालत नाही.

इथवर मी तुम्हाला बोललो. आता माझी पाळी.

डिसेंबर २०२१. मी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. संध्याकाळी वैजापूर तालुक्यातून बातमी आली. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली १९ वर्षांची मुलगी, गरोदर. माहेरची माणसं भेटायला आली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ती चहा करत असताना तिच्यावर कोयता चालला. भाऊ आणि आई, दोघांवर गुन्हा दाखल झाला. तपशील आणखी भयंकर आहेत, ते मी इथं लिहिणार नाही. तेव्हा लिहिले होते, पुरे झाले.

मथळा मी दिला. 'वैजापूर तालुक्यात सैराट'. पान सोडायची घाई होती, शब्द छोटा होता, कॉलमात नीट बसत होता. दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळीकडं तोच शब्द. मनात म्हटलं, चला, आपलं चुकलं नाही.

दोन दिवसांनी ऑफिसच्या लँडलाइनवर एका बाईंचा फोन आला. आवाजावरून निवृत्त शिक्षिका असाव्यात. म्हणाल्या, 'साहेब, एकच विचारायचंय. सैराट कोण झालं होतं? ती पोरगी, का तिचा भाऊ?'

मी म्हटलं, 'बाई, सिनेमाचा संदर्भ आहे तो.'

'तो कळला मला. पण सैराट म्हणजे मोकाट, बेभान. तुम्ही खुनाला जे नाव दिलंत ते जिचा खून झाला तिचं आहे. मारणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही लिहिलंच नाही.'

फोन ठेवला त्यांनी. मला उत्तर सुचलं नव्हतं आणि आजही सुचत नाही.

त्यांनी सांगितलेली गोष्ट आपण सगळ्यांनी, पत्रकारांनी तर जास्तच, नीट समजून घ्यायला हवी. पळून जाऊन लग्न केलं की बातमीत 'सैराट जोडपं'. मुलगी घरातून गेली की पोलीस ठाण्यातही हलक्या आवाजात 'सैराट मॅटर आहे'. आणि खून झाला तरीही 'सैराट'. म्हणजे प्रेम करणं, लग्न करणं आणि मारलं जाणं या तिन्हीला एकच शब्द, आणि तिन्ही वेळा तो त्या पोरीला चिकटलेला. वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप बसतं की हे सगळं तिच्या मोकाट सुटण्यापासून सुरू झालं. प्रिन्सचं नाव कुठल्याच मथळ्यात येत नाही. वैजापूरच्या वेळी एकानंही 'गावोगावचे प्रिन्स' असं लिहिलं नाही. मीसुद्धा नाही.

आणि ते काही एकदाच घडलं नाही. जुलै २०२४ मध्ये आपल्या शहरात प्रेमविवाह केलेल्या एका तरुणावर चाकूनं वार झाले. काही दिवस झुंजून तो गेला. आरोप मुलीच्या घरच्यांवर. जानेवारी २०२५ मध्ये शहरालगतच्या डोंगरावरून १७ वर्षांच्या मुलीला ढकलून दिलं. आरोप चुलत भावावर. ती तर अजून सज्ञानही नव्हती. दोन्ही वेळा माझ्या व्हॉट्सअॅपवर बातमीच्या लिंकसोबत तोच शब्द फिरत होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, सैराट पुन्हा थेटरात लागला. पुन्हा पडद्यासमोर नाचणाऱ्या पोरांचे व्हिडिओ आले.

आता नेहमीचे दोन आक्षेप घेतो, कारण ते कमेंटमध्ये येणारच आहेत.

पहिला, 'असल्या सिनेमांनी आणि गाण्यांनीच पोरी बिघडल्या.' पोरी घरातून जात होत्या त्या सिनेमा यायच्या आधीपासून. आणि गाणं ऐकून माणूस एवढा शिकत असेल, तर त्याच सिनेमाचा शेवट बघून एखादा तरी भाऊ शिकला असता. पूर्वार्धानं पोरी बिघडतात आणि उत्तरार्धानं भाऊ सुधारत नाहीत, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप मी जास्त गंभीरपणे घेतो. 'तुम्हाला आईबापाचं दुःख कळत नाही.' कळतं. माझी मुलगी अकरावीला आहे. कुणाला न सांगता पोर घरातून गेली तर त्या घरात काय होतं ते मी बातमीच्या निमित्तानं पाहिलंय. चार दिवस चूल पेटत नाही. गल्लीतले लोक मुद्दाम चौकशीला येतात. बाप दुकान उघडत नाही. ते दुःख खरं आहे. राग करा, अबोला धरा, वर्षभर बोलू नका. पण त्या दुःखाला कोयता कोण देतं? बहुतेक वेळा गल्ली देते. 'आता तोंड कसं दाखवणार?' हे वाक्य घरात कमी आणि पारावर जास्त बोललं जातं. आणि पारावरचीच माणसं पुढच्या लग्नात झिंगाटवर सगळ्यात पुढं असतात.

आता कामाचं बोलू, नाहीतर ही पोस्टही परण्यातल्या नाचासारखी व्हायची, घाम गाळला आणि घरी गेलो.

२७ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टानं 'शक्ती वाहिनी' खटल्यात निकाल दिला. तो थोडक्यात असा. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांशी लग्न करायचं ठरवलं तर त्यात घराची, भावकीची किंवा जातपंचायतीची परवानगी लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक विशेष कक्ष हवा. त्यात पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण अधिकारी हवेत. चोवीस तास चालणारा फोन नंबर हवा. धोका असलेल्या जोडप्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारा हवा. तिथं नाममात्र पैशात आधी महिनाभर आणि गरज पडली तर वर्षभरापर्यंत राहता यावं. तक्रार येऊनही पोलिसांनी दुर्लक्ष केलं तर त्यांच्यावर खात्यांतर्गत कारवाई व्हावी.

कागदावर हे असं आहे. आता मी डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. ठाण्याचं नाव सांगत नाही. एक जोडपं संरक्षण मागायला आलं. दोघं सज्ञान, हातात लग्नाचा दाखला. त्यांना बाकावर बसवलं आणि पहिला फोन गेला तो मुलीच्या बापाला, 'या, समजूत काढा.' तासाभरात दोन जीपगाड्या दारात. पोरगी थरथरत होती. सुदैवानं त्या दिवशी एक वकीलबाई तिथं होत्या म्हणून ते दोघं मागच्या दारानं निघाले. त्या फोनची बातमी मी केली नाही. का? तर त्या साहेबांकडून रोज क्राइमच्या बातम्या मिळायच्या. हेही लिहून टाकतो एकदाचं.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे.

एक, माझ्या बिरादरीला, म्हणजे पत्रकारांना आणि यूट्यूब चॅनलवाल्या पोरांना. खुनाच्या बातमीत 'सैराट' हा शब्द बंद करा. खून म्हणा. कुणी केल्याचा आरोप आहे ते मथळ्यात लिहा. शब्द कॉलमात बसत नसेल तर पॉइंट कमी करा.

दोन, तुम्हाला सगळ्यांना. तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जा आणि या कक्षाचा फोन नंबर विचारा. भिंतीवर लावलेला दिसला तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका, मी ठाण्याचं नाव घेऊन कौतुक करीन. नंबर मिळाला नाही तर तसंही लिहा. ती यादी मी शहराच्या आयुक्तांकडं आणि ग्रामीणच्या अधीक्षकांकडं घेऊन जाणार आहे. कॉलेजच्या प्राध्यापक मित्रांनो, हा नंबर नोटीस बोर्डावर लावायला कुणाची परवानगी लागते? बोर्डावर फिटनेस क्लासची जाहिरात चालते, हा नंबरही चालेल.

तीन, परण्यात नाचणाऱ्यांना. नाचा. गाणं बंद करा असं मी म्हणणार नाही, गाणं भारी आहे आणि पुढच्या लग्नात मीही नाचणार आहे. पण ज्यांच्या घरात फोन न उचललेली एखादी मुलगी, बहीण, पुतणी आहे, त्यांनी त्या रात्री घरी गेल्यावर तो फोन लावावा. जावई आवडत नसेल तर नका आवडून घेऊ. नुसतं विचारा, 'बरी आहेस ना?'

त्या ओळखीच्या गृहस्थांना मी हे बोलून दाखवलं. मांडवाच्या बाहेर, पान खाताना. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'तुम्हा पत्रकारांना बोलायला काय जातं?' बरोबर आहे. अजून तरी त्यांनी फोन केलेला नाही.

माझ्या पोरीला मात्र मी सांगून ठेवलंय. उद्या तू कुणाला घरी आणशील तो मला आवडेल, नाही आवडेल. आपलं भांडण होईल, कदाचित मोठं होईल. पण माहेरचं माणूस तुझ्या घरी आलं तर तुला चहा ठेवताना मागं वळून बघावं लागणार नाही, एवढं मी बघीन. ती म्हणाली, 'पप्पा, आधी बारावी होऊ द्या.'

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. शिव्या देणाऱ्यांना ब्लॉक करीन. आणि नंबरचे फोटो तेवढे विसरू नका.